वहीत उतरले, मनात उतरले का?

कीर्तन शिकणारी मुले हमखास विचारतात, “महाराज, छापील ग्रंथ हाताशी असता पाठ कशाला करायचा? आणि पाठ झाला, तर वहीत पुन्हा लिहायचा कशाला?” प्रश्न खोडसाळ नाही, त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे इ. स. 1290 साली नेवाशात सिद्ध झाली. माउली बोलली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे सुमारे तीनशे वर्षे हाताने नकला होत गेल्या आणि पाठात अशुद्धी शिरली. नकलणारे काही लबाड नव्हते हो! पण न समजता लिहिणाऱ्याला चुकलेले अक्षर दिसत नाही, आणि फार समजले असे वाटणारा आपला शब्द घुसडतो. एक अज्ञान, दुसरा अहंकार, हानी सारखीच.

शके 1506, म्हणजे इ. स. 1584 साली एकनाथ महाराजांनी ग्रंथ शोधून शुद्ध केला. अकरा वर्षांपूर्वीच त्यांनी एकादश स्कंधावरील आपली टीका काशीत पूर्ण केली होती. एवढा समर्थ कवी! पण इथे स्वतःची ओवी घातली नाही आणि पुढच्यांनाही तशी ताकीद देऊन ठेवली. विद्येची खरी परीक्षा ती हीच.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. पाठ कशासाठी? दिंडीत चालताना हाती टाळ असतो, पोथी नसते. तेव्हा पाठ असेल तेच आपले. लेखन कशासाठी? जीभ न कळलेल्या शब्दावरून भरभर पुढे जाते, लेखणी तिथे अडते. ती अडली की मनन सुरू होते. श्रवण, मनन, निदिध्यासन हा शास्त्राचा क्रम. यातली मधली पायरी गाळून वर जाता येत नाही.

हल्ली मोबाईलवर कीर्तन ऐकून जसेच्या तसे सांगणारे पुष्कळ. ही चोरी का? नाही. ऐकावे आणि सांगावे, यावरच आपली परंपरा जगली. पण दुसऱ्याचे चिंतन स्वतःचा अनुभव म्हणून सांगणे, ही मात्र चोरी. श्रोत्यांना कळो वा न कळो.

म्हणून बाळांनो, वहीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: संतांचे काय, गुरुजींचे काय, आपले काय. आणि जिथे कळले नाही, तिथे “कळले नाही” असे स्वच्छ लिहा. त्यात लाज कसली? शिकणे सुरू होते ते तिथूनच.