छोटी आगगाडी आणि सत्यनिष्ठा

प्रौढ मनुष्यानें आयुष्याचीं वीस-तीस वर्षें खेळांतल्या आगगाडीपायीं घालवावीं, हें शहाणपणाचें कीं पोरकटपणाचें? प्रश्न वरवर विनोदी दिसतो. परंतु त्याच्या पोटीं दुसरा, अधिक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्या श्रमानें कोणाचें पोट भरत नाहीं कीं कोणाचें दुःख हलकें होत नाहीं, त्या श्रमास नीतिविचारांत कांहीं स्थान आहे काय?

आक्षेपकाची बाजू दुबळी नाहीं. युरोप-अमेरिकेंत हा छंद चांगलाच रुजलेला आहे. आपल्याकडेही पुण्यास कोथरुडांत १९९८ सालीं छोट्या आगगाड्यांचें एक संग्रहालय उघडलें. पुष्कळ ठिकाणीं एकास सत्त्याऐंशी हें प्रमाण धरतात. त्या मापानें रूळ, डबे, स्थानकें, झाडें, सारेंच घडवावयाचें; पुरा वाढलेला मनुष्य तेथें दोन सेंटिमीटरांचा होतो. या जगांत भूक नाहीं, संप नाहीं; अपघात झालाच तर गाडी बोटांनीं उचलून पुन्हा रुळांवर ठेवतां येते. बाहेरच्या जगापुढें हात टेकलेल्या मनुष्यानें घरांत स्वतःचें राज्य स्थापावें, याला पलायन न म्हणावें तर काय म्हणावें?

तथापि आम्हांस वाटतें कीं, हा आक्षेप सर्व छंदावर नसून छंदाच्या एका प्रकारावर आहे. दुसरा प्रकारही संभवतो, आणि त्याचीं दोन उदाहरणें आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

इंग्लंडांत ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनहॅम या खेड्यांत पेंडन नांवाचें संग्रहालय आहे. त्याचे संस्थापक रॉय इंग्लंड हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२५ सालीं ते विलायतेस आले. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यांतील गवती छपरांच्या घरांनीं त्यांस मोहिनी घातली. आणि तींच घरें डोळ्यांदेखत पालटूं लागलेलीं पाहून ते कष्टी झाले. काळास थोपविणें त्यांच्या हातीं नव्हतें. मोजून-मापून नोंद ठेवणें होतें. फुटास चार मिलिमीटर या प्रमाणांत त्या खोऱ्याचें जुनें रूप उभारण्याचें काम त्यांनीं आरंभिलें, आणि तें पुढें अनेकांनीं चालविलें. आतां, घर लहान करावयाचें तर आधीं तें पुरतें पाहावें लागतें. भिंत कोठें कलली आहे, छपराची वळचण किती पुढें आली आहे, हें रोज त्या घरांत राहणाराही सांगूं शकणार नाहीं. प्रतिकृति करणाराला तें सांगतां आलेंच पाहिजे. हें जगाकडे पाठ फिरविणें कसें?

दुसरें उदाहरण अमेरिकेचें. कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथें जॉन ॲलन या छायाचित्रकारानें आपल्या घराच्या तळघरांत डोंगर, दऱ्या, पूल यांसह एक मोठी रेल्वे उभारली. नव्या कोऱ्या डब्यांवर कुंचल्यानें गंज, काजळी व पावसाचे ओघळ चढविण्याकरितां तो विशेष प्रसिद्ध झाला. स्वतःच्या हातचें जग झगझगीत ठेवण्याचा मोह कोणास होत नाहीं? त्यानें तो आवरला. जुनें होणें, झिजणें हेंही त्यानें आपल्या सृष्टींत येऊं दिलें. १९७३ च्या जानेवारींत तो वारला, आणि थोड्याच दिवसांत तें बहुतेक सारें आगींत भस्म झालें. मागें राहिलीं तीं छायाचित्रें, आणि त्याच्याकडे गाड्या चालवावयास जमणाऱ्या स्नेह्यांच्या आठवणी. मग त्याचे श्रम फुकट गेले काय? जी वस्तु टिकली नाहीं ती व्यर्थ, असें मानलें तर आपल्या बहुतेक सत्कृत्यांसही तोच न्याय लावावा लागेल.

अर्थात् छंद हा कर्तव्याचा पर्याय नव्हे. मुलाचें दुखणें, शेजाऱ्याची अडचण, यांपुढें कुंचला खालीं ठेवलाच पाहिजे. परंतु ती वेळ नसतांना एखाद्या क्षुद्र वस्तूशींही खोटें न वागण्याची संवय ज्यास जडली, तो माणसांकडेही अधिक नीट पाहील अशी आशा बाळगण्यास जागा आहे. पुठ्ठ्याच्या झोंपडीचें छप्पर तासन् तास न्याहाळणारास आपल्या वाटेवरची खरी, गळकी झोंपडी दिसते कीं नाहीं, हीच त्याच्या छंदाची परीक्षा होय; आणि ती ज्याची त्यानेंच घ्यावयाची आहे.