गाथा उघडावी

श्रोतेहो, सोलापुरात कीर्तन आटोपल्यावर एका माउलीने आम्हांस विचारले, "बुवा, टीव्हीवर तुकोबा पाहिले, आता गाथा कशाला?" आम्ही म्हटले, बाई, २०१४ साली सुरू झालेल्या त्या मालिकेचे 'तू माझा सांगाती' हे नावच तुकोबांच्या अभंगातले. पण १९३६ सालच्या 'संत तुकाराम' बोलपटातले 'आधी बीज एकले' हे पद शांताराम आठवल्यांचे. कित्येक वर्षे आम्ही ते तुकोबांचे म्हणून गायिलो! एकदा गाथेत शोधले, सापडेना. नारदाच्या गादीवरच कान धरले. पद गोडच, दोष आमच्या आळसाचा. चित्राने ओढ लागते, ओळख गाथेनेच पटते. तेव्हा मालिका खुशाल पाहा, पण निजण्यापूर्वी एक अभंग वाचा. रामकृष्णहरि!