सांगून ठेवलेला वारसा

शास्त्रवाचन : योहान 19:23–27



मृत्युपत्राने मालमत्ता ठेवून जाणे याला इंग्रजीत 'बिक्वीद' असा शब्द आहे. तो कानी पडला की वकील आणि सह्या डोळ्यांपुढे येतात. पण त्या शब्दाच्या पोटात कागद नाहीच. प्राचीन इंग्रजीत 'क्वेदन' म्हणजे बोलणे, आणि 'बेक्वेदन' म्हणजे एखाद्या गोष्टीविषयी बोलणे, सांगून ठेवणे. त्या काळी इंग्लंडात साक्षीदारांपुढे तोंडाने सांगितले की झाले. कागद असलाच तर त्या बोलण्याची आठवण म्हणून. आंधळ्या इसहाकाचे तरी काय झाले? याकोबाला आशीर्वाद देऊन चुकल्यावर एसाव हंबरडा फोडून रडला, पण उच्चारलेला शब्द बापाला मागे घेता आला नाही (उत्पत्ती 27).

आजचा कायदा निराळा आहे. आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला 1925 चा भारतीय वारसा कायदा मृत्युपत्र लेखी मागतो. सही किंवा अंगठा आणि निदान दोन साक्षीदार हवेत. (स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) तोंडी मृत्युपत्राची मुभा राहिली आहे ती प्रत्यक्ष लढाईवरील सैनिकासारख्या थोड्यांना. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला असल्यामुळे, ही मुभा का ठेवली असेल हे उचगावकरांना समजावून सांगावे लागत नाही.

पण घरात अंथरुणावर पडलेला बाप म्हणाला, "माझ्यामागे मागची खोली विधवा सुनेला राहू द्या," तर? तिला मूलबाळ नसेल, तर सासऱ्याच्या मालमत्तेत हा कायदा तिला वाटा देत नाही. बापाचे बोलणे कचेरीत टिकणार नाही. ते टिकेल ते ऐकणाऱ्या मुलांच्या मनात, नाहीतर कोठेच नाही. म्हणून ज्याला हे सांगावयाचे आहे त्याने हातपाय धड आहेत तोवर लिहून ठेवावे, असे आम्हांला वाटते. तरीही सुनेची खरी परीक्षा दिरांच्या दारातच होते.

वधस्तंभावर प्रभूजवळ ठेवून जाण्यासारखे काय उरले होते? वस्त्रांचे शिपायांनी चार वाटे केले, अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या. राहिले ते शब्द. त्या शब्दांनी त्याने आपली आई शिष्याच्या हाती सोपविली. शिष्यावर कोणत्याही कायद्याचे बंधन नव्हते. त्या घटकेपासून ती त्याच्या घरी राहिली, असे शुभवर्तमान सांगते. त्या घरात जागा पुरेशी होती की नाही, याबद्दल तेथे एक अक्षरही नाही.