खुडूक न बसणारा पक्षी

गावठी कोंबडी खुडूक बसली की २१ दिवस ती कुणाचं ऐकत नाही. दाणे टाका, हुसका, तिचं चित्त पोटाखालच्या अंड्यांवर. आमच्या रानातली लाव्हरीही तशीच. गवताच्या बुडख्यात खळगं करून बसते, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही. पण मांसासाठी मी घरी पाळतो ते बटेर पक्षी खुडूक बसत नाहीत. मादी अंडं घालते आणि ते तसंच टाकून दाणे टिपायला जाते.

ही लाव्हरीचीच जपानी भावकी. १९७४ साली हा पक्षी आपल्या देशात आणला, पुढं बरेलीजवळ इज्जतनगरला त्याच्यावर बरंच काम झालं. आता साधा हिशेब बघा. खुडूक बसलेली मादी अंडी बंद करते, न बसणारी घालतच राहते. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या घालणाऱ्या मादीचीच पिल्लं पुढं ठेवली. असं करता करता त्या पाखरातलं बसणं गेलं. तेव्हा आता ते काम आपल्या अंगावर आलंय.

काम म्हणजे काय, तेही सांगतो. थर्माकोलची पेटी, आत बल्ब आणि पाण्याची वाटी. ऊब ३७.५ अंश. अंडं जेमतेम १० ग्रॅमचं. त्याच्यावर पेन्सिलीनं फुली मारायची आणि दिवसातनं तीन वेळा फिरवायचं. पंधराव्या दिवसापासून फिरवणं बंद, आतली ओल वाढवायची. सतराव्या-अठराव्या दिवशी कवच तडकतं. पिल्लू एवढंसं, अंगठ्याच्या पेराएवढं. पाण्याच्या ताटलीत खडे टाकावे लागतात, नाहीतर तेवढ्या पाण्यात बुडून मरतं. गारठलं की सगळी एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून रात्री दोनदा उठायचं. आणि पाच आठवड्यांनी पाखरू दोनशे ग्रॅमच्या आसपास गेलं, की ज्या हातानं अंडं फिरवलं त्याच हातानं ते कापायचं.

नातू चौथीत आहे. त्यानं एकदा विचारलं, "आबा, आपणच काढायची आणि आपणच मारायची?"

ह्याला लोकांकडं दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, "तू पेटी लावली नसतीस तर तो जीव आलाच नसता. पाच आठवडे तरी जगला ना?" मला हे पटत नाही. आमच्या गोठ्यात जन्मलेला खोंड, त्याचा जन्म आमच्या दावणीला झाला म्हणून त्याला उपाशी बांधायचा हक्क आम्हाला मिळत नाही. उलट विकत आणलेल्या बैलापेक्षा घरच्या खोंडाचं आपण जास्त लागतो. जन्म दिला की देणं सुरू होतं. तो जीव आपण बोलावला, तो आपणहून आलेला नाही.

दुसरं उत्तर, "मोठा लहानाला खातो, हा सृष्टीचा नियम." खरंय. हिवाळ्यात हरभऱ्याच्या रानात ससाणा लाव्हरीवर झडप घालतो, ते मी बघितलंय. पण त्या लाव्हरीला पंख आहेत, लपायला गवत आहे, दहातली काही सुटतात. माझ्या पिंजऱ्यातलं एकही सुटत नाही. तिथं ससाण्याचा नियम सांगून मला मोकळं होता येत नाही.

आमच्या मंडळींच्या गळ्यात माळ आहे. मांसाची चूल वेगळी, ती परसात. त्यांचं म्हणणं सरळ आहे, "अहो, हे बंद करा." पण पेटीत अंडी असताना किंवा पिल्लं लहान असताना रात्री लाइट गेली, की माझ्याआधी त्याच उठतात. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवतात. मी म्हटलं, "तुम्हाला तर हे पटत नाही." त्या म्हणाल्या, "मारणं पटत नाही. पण आहे तोवर गारठून का मरावं?"

ह्या बोलण्यानं मला दोन गोष्टी वेगळ्या करून दिल्या. मारणं बरोबर की चूक, ह्याचा निकाल मला लागलेला नाही. पण मारायच्या आधीचे पाच आठवडे कसे जावेत, ह्याबद्दल शंका नाही. त्यातलं एकही दुखणं "शेवटी मरायचंच आहे" म्हणून माफ होत नाही.

म्हणून माझ्या खोलीत दीडशेच्या वर पाखरू नसतं. पिंजऱ्याच्या छताला खालून गोणपाट लावलंय, कारण दचकलं की हे पाखरू सरळ वर उडी घेतं आणि डोकं फोडून घेतं. अंग लोळवायला कोरडी माती दिलेली असते. कापणं दुसऱ्याकडं देत नाही, आणि बाकीच्यांच्या समोर करत नाही. एका ढाबेवाल्यानं आठवड्याला चारशे मागितले होते. पैसा चांगला होता, पोराचं कर्जही डोक्यावर होतं. पण चारशे पिल्लांना रात्री उठून बघणारा माणूस आमच्या घरात नाही. नाही म्हणालो. पोरगा आठ दिवस नीट बोलला नाही.

काही गिऱ्हाइकं म्हणतात, "काका, साफ करून द्या, आम्ही तिकडं थांबतो." मी देतो. राग नाही. पण खाणारा तिकडं जाऊन थांबला, तरी त्याचा वाटा माझ्या एकट्याच्या हातावर राहत नाही, एवढं त्यानं जाणावं.

नातवाला मी सांगितलं, "होय बाळा, आपणच काढतो आणि आपणच मारतो. म्हणून तर त्यांचं जास्त करायचं." तो अजून मांस खातो. पुढं खाईल की आजीसारखी माळ घालील, ते त्यानं ठरवावं. सध्या शाळेत जायच्या आधी तोच अंडी फिरवतो, आणि फुली कुठल्या बाजूला आहे ते मला ओरडून सांगतो.