आठवण की तगादा?

आमच्या सौंसरात घरात मराठी, बाजारात हिंदी. म्हणून दशलक्षण पर्वाचं मराठी पत्रक घरच्या कॉम्प्युटरवर मीच टाइप करते. एका वर्षी त्यात ओळ होती, ‘आचाऱ्यांना मानधन द्यावे.’ छापून आलं, ‘आचार्यांना मानधन द्यावे.’ अंगावर वस्त्रही न ठेवणाऱ्या महाराजांना मानधन! मंदिरात सगळे हसले, मी मात्र ओशाळले.

चूक फुकट मिळालेल्या फॉन्टची होती. आचाऱ्यांमधला चंद्रकोरीसारखा तो अर्धा र हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. फॉन्ट सांभाळणारा कुणी स्वयंसेवक, पोटापाण्याचं काम उरकून हे करणारा. भाच्याने त्याच्याकडे चूक नोंदवली. वर्ष गेलं, उत्तर नाही. मग मीच दर आठवड्याला लिहू लागले: कधी होणार? जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या!

ते वाचून भाचा म्हणाला, “मावशी, एक खरी गोष्ट ऐक.” एक्सझेड नावाचं, फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या असंख्य सर्व्हरवर असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं विनामोबदला सांभाळत होते. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे लकडा लावला, काम रखडलंय, दुसऱ्याकडे सोपवा. आपल्या मनाची तब्येत बरी नसते, हे बिनपगारी हौसेचं काम आहे, असं त्यांनी कळवलं. तरी टोचणी थांबली नाही. पुढे मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ या नावाला त्यांनी अधिकार दिले. 2024 च्या सुरुवातीला त्याच नावाने त्यात चोरदरवाजा बसवला. सर्व्हरमध्ये शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा माग आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने काढला, म्हणून मार्चअखेर ते उघडकीला आलं. टोचणारी ती नावंही बनावट असावीत, असं जाणकार मानतात.

मी गप्प झाले. त्यांचा हेतू कपटाचा, माझा साधा. पण वाक्यं तीच होती!

मग काय, बोलायचंच नाही? तसंही नाही. फ्रॉइंड ‘अर्ध्या सेकंदाने काय होतंय’ म्हणून गप्प बसले असते तर? चूक दिसूनही न सांगणं हा प्रमादच. पण भाषा समिती आपण लहानपणापासून ऐकतो: बोलणं हिताचं, मोजकं आणि गोड असावं. मी फक्त मोजकं बोलत होते.

तगादा ऋणकोला लावतात. दान देणारा आपला ऋणको नव्हे. उन्हाळ्यात कुणी पाणपोई लावली आणि रांजण गळू लागला, तर सांगायलाच हवं. नाहीतर पाणी वाया जाईल, तहानलेला परत जाईल. पण सांगायला जाताना आपली एक घागर भरून न्यावी. रिकाम्या हाताने जाऊन रोज ओरडलं, तर उद्या पाणपोईच बंद पडेल.

क्षमावाणीच्या दिवशी मी त्या स्वयंसेवकाला पत्र लिहिलं. आधी क्षमा मागितली. मग पाच शब्द, त्यांचं बरोबर रूप, चुकीचं रूप, कोणत्या आवृत्तीत काय दिसतं ते चित्रांसह पाठवलं. खाली लिहिलं, ‘सवड मिळाली तर बघा. नवी आवृत्ती तपासायला मी आहे.’

अजून दुरुस्ती झालेली नाही. यंदाच्या पत्रकात मी ‘स्वयंपाकी मंडळींना मानधन’ असं लिहिलं. तेवढा भार मलाही उचलता येतो की!