आधी कारण सांग, मग रायफल विचार

उभा राहा. मागच्या बाकावर मान खाली घालून हसू नकोस, पुढे ये. काल मैदानावर तू सगळ्यांना विचारत होतास, "सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची तर एसकेएस भारी का मिनी-14 भारी?" आणि हे बाकीचे नंदीबैल माना डोलवत होते. एका शहाण्याने तर वर सल्लाही दिला, "एसएलआरच घे बे, दणका मोठा असतो." त्यालाही तुझ्या शेजारी उभा करतो. आज दोघांनी मिळून ऐका.

ही नावं तुम्ही शिकलात कुठे, ते मला ठाऊक आहे. मोबाईलवरच्या खेळात. पण त्या खेळाबाहेर तुम्हाला त्या हत्यारांची काय माहिती आहे? एसकेएस ही रशियाच्या सिमोनोव्हची 1945 ची रायफल, पोटात दहा काडतुसं. मिनी-14 अमेरिकेच्या रुगर कंपनीची. आणि एसएलआर आपल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली. 1962 मध्ये चीनसमोर आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. पुढे त्यांच्या हातात एसएलआर आली आणि इन्सास येईपर्यंत सैन्य तीच वापरत होतं. ती रायफल खांद्यावर घेऊन माणसं सीमेवर गोठली. तू ती घेऊन नव्या पेठेतल्या मित्रांसमोर फोटो काढणार!

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, सांग पाहू. गप्प का? विकत घ्यायला निघाला होतास ना? साध्या बोल्ट रायफलीत प्रत्येक बारानंतर खटका हाताने मागे ओढावा लागतो, पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस नळीत जातं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे सगळं काम बाराच्याच वायूवर किंवा धक्क्यावर रायफल स्वतः करते. तू फक्त चाप दाबायचा. एकदा दाबला की एक गोळी, पुन्हा दाबला की दुसरी. मधे हात थांबत नाही आणि हात थांबत नाही म्हणून डोकंही थांबत नाही. तुझ्यासारख्या तापट पोराला नेमकी हीच रायफल का देऊ नये, ते आता तरी कळलं का?

आता कायदा ऐक. पहिली गोष्ट, तुझं वय वीस. एकवीस पूर्ण झाल्याशिवाय 1959 चा शस्त्र कायदा तुला बंदूक बाळगू देत नाही. नेमबाजीच्या शिक्षणापुरती सवलत आहे, तीही नियमांच्या चौकटीत. दुसरी गोष्ट, साध्या बंदुकीचा परवाना सोलापूर शहरात पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. पण सेमी-ऑटोमॅटिक रायफल, तशीच थ्री-नॉट-थ्री आणि 7.62 अशी लष्करी काडतुसं चालवणारी रायफल, 2016 च्या शस्त्र नियमांत पहिल्या वर्गात घातली आहे. तिचा परवाना थेट केंद्राच्या गृह मंत्रालयाच्या हातात. तुझ्या काकांची आयुक्तालयात ओळख आहे म्हणे! ती तिथे कवडीच्या कामाची नाही. तिसरी गोष्ट, 2019 च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना हत्याराला दोन ते पाच वर्षं आणि प्रतिबंधित हत्याराला सात ते चौदा वर्षं शिक्षा आहे. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातलास, तर त्यालाही दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"सर, घरच्या संरक्षणासाठी," असं पुटपुटलास आत्ता. ही सबब तुझ्याआधी एका मोठ्या माणसाने दिली होती. 1993 मध्ये संजय दत्तच्या घरी एके-56 आली. कुटुंबाच्या जिवाची भीती वाटत होती, असं त्याचं म्हणणं होतं. मुंबई बॉम्बस्फोटांच्या कटातून तो सुटला, हत्याराच्या गुन्ह्यातून सुटला नाही. मार्च 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली आणि तो येरवड्यातून बाहेर आला तो फेब्रुवारी 2016 मध्ये. त्याच्याकडे पैसा होता, वकील होते, नाव होतं. तुझ्याकडे काय आहे?

दुसरी सबब शेताची. "सर, गावाकडे बिबट्या फिरतोय." डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला गोळी घातली, ती वन खात्याचा लेखी आदेश निघाल्यावर. कुणी हौशी पोरगा रात्री बंदूक घेऊन उसात शिरला नव्हता. बिबट्या काय, नान्नजच्या माळावरचं काळवीट काय, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय मारलंस तर तीन ते सात वर्षं. बिबट्या दिसला तर वन खात्याला कळव, गोठ्याला दार लाव, रात्री पाणी द्यायला एकटा जाऊ नकोस. त्याला रायफल लागत नाही.

आणि जिथे ही रायफल दुकानात सहज मिळत होती, तिथे काय झालं? तुझी ती लाडकी मिनी-14 घेऊन 6 डिसेंबर 1989 रोजी एक माणूस कॅनडात मॉन्ट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिरला आणि त्याने चौदा बायकांना मारलं. त्यातल्या बहुतेक तुझ्याच वयाच्या, वर्गात बसून शिकणाऱ्या मुली. 2020 मध्ये कॅनडाने मिनी-14 सकट दीड हजार प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. न्यूझीलंडमध्ये 15 मार्च 2019 रोजी ख्राइस्टचर्चच्या मशिदींमधल्या गोळीबारात 51 माणसं मेली. महिन्याच्या आत तिथल्या संसदेने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफली बंद केल्या. लोक मेल्यावर त्यांना जे करावं लागलं, ते आपल्या नियमांत आधीच लिहिलेलं आहे. आणि तू त्यातून पळवाट शोधतोस!

तू सोलापूरचा आहेस, हेही विसरलास. या गावाने 8 मे 1930 रोजी पोलिसांचा गोळीबार सोसला, मग मार्शल लॉ सोसला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी फासावर चढवलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून तू रोज कॉलेजला येतोस. बंदुकीच्या नळीसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावच्या पोराला बंदूक मिरवण्याची वस्तू वाटते, याची मला लाज वाटते.

आता सांगतो हौसेबद्दल. नेमबाजीची हौस असेल, तर ती वाईट नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून शिकला, रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकला. पात्रता फेरीत साठ गोळ्या: वीस गुडघ्यावर बसून, वीस झोपून, वीस उभं राहून. प्रत्येक गोळी हाताने एकेक भरायची. त्या स्पर्धेत सेमी-ऑटोमॅटिक चालतच नाही. सहाशेपैकी त्याने 590 गुण घेतले. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, तीही पॉइंट टू-टू रायफल घेऊन. दहा मीटरच्या एअर रायफलीत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो गाठायला श्वास आवरावा लागतो, चाप हळू दाबावा लागतो आणि गोळी चुकली तर पुढची भरण्याआधी आपलं काय चुकलं याचा विचार करावा लागतो. तुझ्यात नेमकं तेच नाही.

म्हणून माझं उत्तर ऐक. एसकेएस नको, मिनी-14 नको, एसएलआर तर नकोच. .177 ची, वीस ज्युलच्या आतली एअर रायफल विनापरवाना मिळते, तीसुद्धा ओळखपत्र दाखवून. पण तीही आज नको. आधी एनसीसीत नाव घाल. फायरिंगनंतर प्रत्येक पुंगळी मोजून परत द्यायला शीक, भरलेली असो वा रिकामी, नळी कुणाकडे वळवायची नाही हे शीक. वर्षभर न चुकता आलास, तर रेंजवर घेऊन जायला मी स्वतः येईन. आणि मोबाईलवरचा तो "कुठली घेऊ" वाला मेसेज आत्ता, माझ्यासमोर, पुसून टाक.