धीराची बेगमी

ख्रिस्ती घरांत दरवर्षी नवी दिनदर्शिका भिंतीवर चढते आणि तिच्यावर बहुधा दोनच वचनांपैकी एक छापलेले असते. एक यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले, देवाच्या मनात तुमच्या हिताचेच बेत आहेत असा भरवसा देणारे. दुसरे पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले, ख्रिस्ताच्या बळावर सारे काही पेलता येते असे सांगणारे. कुणी आजारी पडले, कुणाची नोकरी गेली, कुणाचे लग्न मोडले की हीच दोन वचने मोबाइलवर येऊन पडतात. पाठवणाऱ्याची माया खरी असते, याबद्दल मला शंका नाही. पण ती वचने वाचून माणूस अधिकच एकटा पडतो, असेही अनेकदा घडते. का घडते, याचा विचार आपल्या मंडळ्यांनी करायला हवा.

ही वचने मुळात कुणाला लिहिली गेली ते आधी पाहू. यिर्मयाचे पत्र बाबेलला पकडून नेलेल्या बंदिवानांना आहे. त्या काळी हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना दिलासा देत फिरत होता, की दोन वर्षांत सगळे घरी परत येतील. यिर्मयाने त्याला खोटे ठरवले. सत्तर वर्षे लागतील, असे त्याने कळवले. तेव्हा तिथेच घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हांला नेऊन टाकले आहे त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हते. हिताच्या बेतांचा तो भरवसा त्यांना मिळाला तो या सत्तर वर्षांसकट. आपण सत्तर वर्षे कापून टाकली आणि भरवसा तेवढा छापला. पौलाचेही तसेच. तो तुरुंगातून लिहीत होता, आणि त्या ओळीच्या लगेच आधी आपण उपाशी राहायलाही शिकलो आहोत असे सांगत होता. परीक्षेत पहिला नंबर येण्याशी किंवा धंद्यात बरकत येण्याशी त्या वाक्याचा काही संबंध नाही.

कठीण काळ लांबतो आणि त्याची तयारी आधीच करावी लागते, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या माणसाला समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. इथला पावसाळा घाटमाथ्याचा आहे. आंबोलीकडून ढग येतात ते मुक्कामालाच. हिरण्यकेशी फुगते, बंधारे पाण्याखाली जातात, पलीकडच्या वाड्यांना लांबचा वळसा पडतो. या चार महिन्यांना कुणी शिक्षा समजत नाही आणि ते लवकर संपावेत म्हणून कुणी हटूनही बसत नाही. उन्हाळ्यात बेगमी होते. लाकूडफाटा आणि शेणी कोरड्या जागी रचल्या जातात, वैरण भरली जाते, मिरची कुटून होते, सुकी मासळी डब्यात जाते. झड लागल्यावर लाकडे गोळा करायला निघालेल्या माणसाला ओलीच लाकडे मिळतात. धीराचेही नेमके हेच आहे, आणि संकट दारात आल्यावर वचन शोधणाऱ्यांच्याही हाती ओलीच लाकडे लागतात.

या भागातली ख्रिस्ती वस्ती संख्येने थोडी आहे, पण तिला इतिहास आहे. गोवा आणि सावंतवाडीकडून घाट चढून आलेली कॅथलिक घराणी आजरा, गडहिंग्लज, चंदगड, बेळगाव या पट्ट्यात स्थिरावली. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला आणि कोल्हापूर जिल्हा त्यात गेला. कोल्हापूर शहरात प्रॉटेस्टंट मंडळीची सुरुवात रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५०च्या दशकात केली. कुठे ‘मिस्सा’ म्हणतात, कुठे ‘उपासना’. कुठे फादर येतात, कुठे पाळक. पण माणूस गेल्यावर घरी जमून प्रार्थना म्हणण्याची रीत दोन्हीकडे आहे. त्या रात्री कुणी व्याख्यान देत नाही. बायका चहा करतात, पुरुष बाहेर बाकावर बसतात, मध्येच कुणी गीत सुरू करते. आपल्या लोकांना सांत्वनाची कला येते ती इथे.

२०२० साली हीच कला बंद पडली. त्या वर्षी १२ एप्रिलचा ईस्टर कोरोनाच्या टाळेबंदीत आला. चर्चना कुलपे होती, अंत्यविधीला मोजकी माणसे. मुंबईहून गावी परतलेल्या चाकरमान्यांना शाळांमधून वेगळे ठेवले जात होते. मोबाइलवर वचनांचा पूर आला होता आणि तरी लोक आतून कोरडे होते. जवळ येऊन बसणारे माणूस काढून घेतले की वचनाला हात-पाय उरत नाहीत, हे तेव्हा सगळ्यांनी अनुभवले. दुर्दैवाने दारे उघडल्यावर आपण ते विसरलो आणि वचने पाठवण्याची सवय तेवढी पक्की झाली.

मराठी ख्रिस्ती परंपरेत याहून खोल साठा आहे. तो आपण काढत नाही, एवढेच. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घ्या. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. नवरा आणि समाजातले स्थान एकाच दिवशी हातून सुटले. पुढची काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या, त्यातला काळ पंढरपुरात गेला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांचे दुःख झाकलेले नाही आणि त्याला धार्मिक मुलामाही दिलेला नाही. देवाने माझ्या भल्यासाठीच हे केले, असा शेवटाचा प्रकाश त्यांनी आधीच्या अंधारावर पसरला नाही. टिळकांचा तापटपणा, घरात पैसा न टिकणे, स्वतःची चीड, सगळे जिथल्या तिथे आहे. त्या टिळकांकडे परतल्या त्यानंतरही त्यांचे सोवळे काही काळ टिकून होते, आणि एरवी अतिशय उतावीळ असलेल्या टिळकांनी या एका बाबतीत बळजबरी केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पावलांनी चालत जाऊन. मला या साऱ्या कथेत सर्वांत ख्रिस्ती गोष्ट वाटते ती ही थांबण्याची तयारी. दुसऱ्याच्या दुःखाला किंवा विश्वासाला मुदत घालून न देणे हे फार मोठे दान आहे.

पंडिता रमाबाईंची साक्ष याहून कठोर आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. भावाबरोबर त्या देशभर पायी फिरल्या; १८८०त भाऊ गेला, १८८२त नवरा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी लहान लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आपल्या सभांमधून सांगितल्या जाणाऱ्या साक्षी बहुधा इथे संपतात: दुःख होते, ख्रिस्त भेटला, आनंद झाला. रमाबाईंनी मात्र पुढे स्वच्छ लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना मनःशांती नव्हती. धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून गवसायचा होता. त्या अस्वस्थ वर्षांतच, १८८९ साली, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. मन शांत झाल्यावर काम करू, असे त्या म्हणाल्या नाहीत. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना आणून त्यांनी केडगावला आसरा दिला. स्वतः उपासमार पाहिलेल्या बाईने उपाशी मुलींसमोर आधी अन्न ठेवले, उपदेश नंतर.

पवित्र शास्त्रही याच बाजूचे आहे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतले अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटी आशेची एकही ओळ नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. इयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांनी तोंड उघडले, तुझ्याच पापाचे हे फळ म्हणू लागले, आणि अखेर देवाने त्यांनाच दोषी धरले. देवाशी भांडणारा इयोब मात्र नीट बोलला, असा निवाडा झाला. येशू लाजाराला उठवणार होता, तरीही आधी रडला. गेथशेमाने बागेत त्याने शिष्यांकडे मागितले ते इतकेच, की माझ्यासोबत जागे राहा. ते झोपले.

म्हणूनच, विश्वास कमी पडल्यामुळे आजार हटत नाही, असे कुठल्याही प्रार्थनासभेत बोलले जाते तेव्हा मला संताप येतो. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलेला प्रश्न हाच होता, कुणाच्या पापामुळे हा असा झाला. आणि येशूने तो फेटाळला. खिन्नतेने खचलेल्या, झोप उडालेल्या, जीव नकोसा झालेल्या माणसाला प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडे नेले पाहिजे. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर उपाय म्हणून थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते, अधिक विश्वास ठेव असे नव्हे. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले तेही याच श्रद्धेने.

आणखी एक भेद करायला हवा. काही दुःखे ऋतूसारखी येतात, काही माणसांनी लादलेली असतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, जरी गावाने त्याची जात विसरलेली नसते, आणि कधी कधी मंडळीनेही नसते. मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी परत जा आणि सहन कर, असे सांगितल्या गेलेल्या बायकाही आपल्यात आहेत. अशांना स्वर्गातल्या विसाव्याचे वचन देणे म्हणजे सांत्वनाच्या नावाखाली अन्यायाला साथ देणे होय. तिथे धीर द्यायचा तर बाजू घ्यावी लागते.

यावर कुणी म्हणेल, पुनरुत्थानावर उभा असलेला हा विश्वास. त्यात एवढे रडगाणे कशाला? आक्षेप रास्त आहे. आशा सोडून दिली तर ख्रिस्ती म्हणण्यासारखे काही उरत नाही. पण शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये एक अख्खा शनिवार आहे, आणि त्या दिवशी शिष्यांना रविवारची खबर नव्हती. आज आपल्यातले कितीतरी जण त्या शनिवारी बसलेले आहेत. म्हातारे आईबाप आहेत, ज्यांची मुले मुंबईला किंवा आखातात आहेत. काजूच्या कारखान्यात दिवसभर बिया सोलून रात्री आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बाया आहेत. त्यांना रविवारची घोषणा लांबून ऐकवून भागत नाही.

आजऱ्यातल्या आणि सगळीकडच्या मराठी मंडळ्यांना माझी एक विनंती आहे, फादरांना आणि पाळकांना सारखीच. महिन्यातून एका रविवारी उपासनेत एक विलापाचे स्तोत्र सबंध वाचा, कापल्याविना, लगेच त्यावर उतारा न देता. अठ्ठ्याऐंशीवेही वाचा. सगळे बरे चाललेले असताना वाचा, मुलांच्या कानांवर पडू द्या, म्हणजे कठीण काळात ते शब्द त्यांच्या तोंडी असतील. आणि येत्या पावसाळ्यात वचन पाठवण्यापूर्वी छत्री घेऊन त्या घरी जा, तासभर बसा, काय हवे-नको ते विचारा. वचन नंतर पाठवले तरी चालेल.